शाळेला दिलेली जमीन वारस परत मागतात तेव्हा: पेटीतल्या कागदांपासून कोर्टापर्यंत

शाळेच्या जागेवरून भांडण उभं राहिलं की गावात पहिलं वाक्य ऐकू येतं ते हे: "आज्यानं दान दिलेली जमीन नातू परत मागतोय, शोभतं का हे?" पारावर हे वाक्य चालतं. कोर्टात मात्र दान परत घेता येतं का हा प्रश्न नंतर येतो. दान कायद्याने झालं होतं का, हे आधी विचारतात, आणि तिथेच भल्याभल्या संस्थांची बोबडी वळते.

एका लहान शिक्षण संस्थेचा सचिव म्हणून मी अशा वादात सात वर्षं काढली. जागा साठच्या दशकात तोंडी दिलेली. पुढे रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला आणि दात्याच्या तिसऱ्या पिढीने मैदानाच्या फाटकाला स्वतःचं कुलूप घातलं. त्या सात वर्षांत जे उशिरा कळलं ते इथे क्रमाने लिहितो. कायदे महाराष्ट्रात लागू असलेले आहेत. दाव्याचा मसुदा वकिलानेच करायचा. पण वकिलाकडे रिकाम्या हाताने गेलात तर तोही जुजबी दावा टाकून मोकळा होईल.

कुलूप दिसलं त्या दिवशी

कुलूप तोडू नका. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी सगळे तापलेले असतात, आणि कुणीतरी हातोडी घेऊन येतोच. तोडलंत तर तुमच्यावरच गुन्हा दाखल होतो आणि ताब्याचा सरळ प्रश्न मारामारीच्या प्रकरणात अडकतो. त्याऐवजी फाटकाचे, मैदानाचे, इमारतीचे फोटो काढा, पाच-सहा लोकांसमोर पंचनामा लिहून सह्या घ्या आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोलीस "हा दिवाणी वाद आहे" म्हणतील. म्हणू द्या. तुम्हाला हवी आहे ती त्या तारखेची पोच.

तारीख महत्त्वाची, कारण ताबा जबरदस्तीने काढून घेतला असेल तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो आणि त्यात मालकी कुणाची हे सिद्ध करत बसावं लागत नाही. हे सहा महिने बैठकांत आणि मध्यस्थांच्या चहात निघून जातात. आमचे पाच गेले होते.

समोरचा एकतर्फी मनाई हुकूम आणेल अशी शंका असेल तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करून ठेवा. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा दाखल करायचं.

पेटी उघडा

प्रत्येक जुन्या शाळेत एक लोखंडी पेटी किंवा न उघडणारं कपाट असतं. तिथून सुरुवात करा. शोधायचं ते असं.

पहिलं बक्षीसपत्र, नोंदणीकृत. मूळ सापडलं नाही तर घाबरू नका. दुय्यम निबंधक कार्यालयात दात्याच्या नावावरून आणि वर्षावरून शोध घेऊन सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि दस्ताची प्रमाणित नक्कल मिळते. वर्ष नक्की माहीत नसेल तर शाळेच्या कोनशिलेकडे बघा. "अमुक यांनी दिलेल्या जागेवर" असं कोरलेलं असेल तर वर्षही असतंच. कोनशिलेचा फोटो पुराव्यात जोडा. तिने मालकी सिद्ध होत नाही, पण शाळा त्या जागेवर कधीपासून आणि कोणत्या नात्याने आहे हे दिसतं.

मग प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही. जागा स्वीकारल्याचा ठराव, दात्याचे आभार मानल्याचा ठराव, इमारत बांधायचा ठराव. सोबत बांधकामाची बिलं, अनुदानाची पत्रं, डेड स्टॉक रजिस्टर, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, तपासणी अधिकाऱ्यांचे शेरे. यातलं काहीही फेकू नका. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून, म्हणजे जिथे असायला हवा तिथूनच निघाला, तर त्यावरच्या सह्या खऱ्या आहेत असं कोर्टाला गृहीत धरता येतं. म्हणून पेटीतला कागद कुणाच्या घरी नेऊन ठेवू नका.

तिसरा गठ्ठा महसुलाचा: सातबारा, आठ-अ आणि सगळ्यात कामाचे जुने फेरफार. संगणकीकृत सातबारा आजची स्थिती दाखवतो. गोष्ट फेरफारात असते. ज्या फेरफाराने शाळेचं नाव लागलं, किंवा लागलेलं नाव पुढे उडालं, त्याची नक्कल काढा. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, नगर भूमापन झालेलं असेल तर मालमत्ता पत्रक. याबरोबर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या. दानपत्रात "ओढ्यापासून बांधापर्यंत" लिहिलेलं असतं, मधल्या काळात ओढाही सरकलेला असतो, आणि बरेच वाद मुळात दहा-बारा गुंठ्यांच्या हद्दीचे असतात, पूर्ण जागेचे नसतातच.

चौथा कागद संस्थेचा: धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट-१ चा उतारा, ज्याला सगळे पीटीआर म्हणतात. त्यात ही जमीन आणि इमारत चढलेली आहे का ते बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे मिळकतीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. निवडणुकांचे चेंज रिपोर्ट लोक भांडून दाखल करतात; जमिनीचा राहून जातो. राहिला असेल तर उशीर माफीच्या अर्जासह आता दाखल करा.

तुमचं दान कोणत्या जातीचं

कागद हाती आले की आपलं प्रकरण कुठे बसतं ते प्रामाणिकपणे ठरवायचं. इथे स्वतःला फसवलंत तर पुढचं सगळं वाया.

*नोंदणीकृत बक्षीसपत्र आहे.* मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ ला दात्याची सही, किमान दोन साक्षीदार आणि नोंदणी लागते; कलम १२२ ला दाता हयात असताना स्वीकार लागतो. हे सगळं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. दात्याने ताबा स्वतःकडे ठेवला होता, आंब्याची फळं तोच नेत होता, म्हणून दान रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रेनिकुंटला राजम्मा प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. नंतर दात्याचं मन बदललं म्हणूनही दान फिरत नाही. मात्र दात्याच्या केवळ मर्जीने रद्द करता येईल असं दोघांनी ठरवून दिलेलं असेल, तर कलम १२६ नुसार ते दानच पूर्ण किंवा अंशतः निरर्थक ठरतं.

पण दस्तात "शाळा बंद पडल्यास जागा दात्याच्या वारसांकडे परत जाईल" असं लिहिलं असेल तर? ही अट मर्जीवर अवलंबून नाही, एका घटनेवर आहे, आणि दोन्ही बाजूंनी मान्य केलेली असेल तर ती टिकू शकते. त्यामुळे दस्त शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अशी अट नसताना शाळा बंद पडली, तर जमीन आपोआप वारसांकडे जात नाही. विश्वस्त कायद्याच्या कलम ५५ मध्ये मूळ हेतूच्या जवळच्या हेतूसाठी मिळकत वापरण्याची वाट आहे.

*जमीन वडिलोपार्जित होती.* वारसांचं सगळ्यात धारदार हत्यार हेच. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा एकट्या सहदायकाला (त्या मिळकतीत जन्माने हक्क असलेल्याला) बाकीच्यांच्या संमतीशिवाय दान देता येत नाही. कर्त्याला, म्हणजे कुटुंबप्रमुखाला, धर्मादाय कामासाठी वाजवी मर्यादेत वडिलोपार्जित जमीन देता येते, हे न्यायालयांनी मान्य केलं आहे, आणि शाळा त्यात बसते असा युक्तिवाद करता येतो. "वाजवी" हा शब्द मात्र लक्षात ठेवा. वीस एकरांतली एक एकर दिली तर वाजवी. तीन एकरांतली अडीच दिली तर नातवाच्या वकिलाला फार बोलावं लागत नाही. म्हणून दान दिलं त्या वर्षी कुटुंबाकडे एकूण किती जमीन होती याचे आठ-अ आणि जुने सातबारे काढून ठेवा. हे काम कुणी करत नाही आणि उलटतपासणीत सगळ्यात उपयोगी पडतं.

*कागद आहे, पण नोंदणी नाही; किंवा सगळंच तोंडी.* जुन्या शाळांचं दुखणं हेच. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या. त्याआधी लोकल बोर्डाच्या काळात गावाने जागा दाखवायची आणि शाळा उभी करायची, दस्त कोण करणार? मुद्रांक कमी पडला असेल तर दंड भरून कागद पुराव्यात येतो. नोंदणी नसण्याला असं औषध नाही. नोंदणी नसलेलं बक्षीसपत्र म्हणजे दान नव्हे. (दाता मुस्लिम असेल तर गोष्ट निराळी: तोंडी हिबा, स्वीकार आणि ताबा या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तर नोंदणीवाचूनही दान ठरतं.)

तरीही सगळं संपत नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, १९१९ मध्ये वरदा पिल्लई प्रकरणात म्हटलं की नोंदणी नसल्यामुळे दान सिद्ध होत नसलं तरी, ताबा कोणत्या नात्याने घेतला हे समजून घेण्यासाठी त्या लिखाणाकडे पाहता येतं. दान म्हणून, मालक या नात्याने, उघडपणे घेतलेला ताबा १२ वर्षं अखंड चालला तर मुदत कायद्याने मूळ मालकाचा हक्कच संपतो. असा हक्क घेऊन वादी म्हणूनही कोर्टात जाता येतं, हे २०१९ पासून पक्कं आहे. सगळी लढाई येते ती "मालक या नात्याने" या तीन शब्दांवर. परवानगीने बसलेला माणूस पन्नास वर्षं बसला तरी परवानगीनेच बसलेला असतो.

आणि इथे आमची चूक सांगतो. आमचे एक जुने मुख्याध्यापक फार सौजन्याचे. दर २६ जानेवारीला ते दात्याच्या मुलाला झेंडावंदनाचं पत्र पाठवायचे, सुवाच्य अक्षरात: "जागेचे मालक श्री. अमुक यांस सप्रेम नमस्कार." अशी अकरा पत्रं समोरच्या वकिलाने एकेक करून कोर्टासमोर ठेवली. त्या दुपारी आमच्या साठ वर्षांच्या वहिवाटीचा रंग बदलला.

तेव्हा शाळेकडून गेलेली सगळी पत्रं, आमंत्रणं, आभारपत्रं आधी स्वतः वाचा. समोरच्याने दाखवण्याआधी ती तुमच्या वकिलाला माहीत हवीत.

*शेतजमीन होती.* संस्था शेतकरी नसते. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कुळाला मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ आहे, भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर त्याच्या वेगळ्या अटी. विदर्भात आणि मराठवाड्यात कुळकायदे निराळे आहेत, कलमं तिथली बघा. वारस हा मुद्दा हमखास काढतात. पण परवानगी नव्हती म्हणून जमीन आपोआप त्यांच्या घरी जात नाही. अशा हस्तांतरात जमीन सरकारजमा होऊ शकते. हे वारसांना समजावून सांगितलं की तडजोडीची भाषा बरीच लवकर सुरू होते.

इमारत कुणाची

जमिनीवर सगळं लक्ष असतं आणि इमारत विसरली जाते. दानपत्रात वाडा किंवा खोल्या दिलेल्या असतील तर त्यांचं वर्णन, घर क्रमांक, चतुःसीमा तपासा. नुसत्या जमिनीचं दान असेल आणि वर्गखोल्या नंतर संस्थेने, लोकवर्गणीतून किंवा सरकारी अनुदानातून बांधल्या असतील, तर प्रत्येक खोलीचं वर्ष आणि पैशाचा स्रोत यांचा एक तक्ता करा. आमच्याकडे सात खोल्यांपैकी दोनची बिलंच नव्हती. एका निवृत्त गवंड्याच्या साक्षीवर भागवावं लागलं.

हा तक्ता कशाला? मालकी सिद्ध झाली नाही तरी एक वाट उरते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे परवानगीने जागा वापरणाऱ्याने त्या परवानगीवर विसंबून कायम स्वरूपाचं बांधकाम खर्च करून केलं असेल, तर ती परवानगी मालकाला काढून घेता येत नाही. आमच्या त्या अकरा पत्रांनंतर आम्हाला हाच आधार उरला. अडचण एवढीच की "आम्ही मालकासारखे बसलो" आणि "आम्हाला परवानगी होती" हे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येत नाही. मुख्य बाजू कोणती घ्यायची हे दावा किंवा कैफियत (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) लिहिण्याआधी ठरवा. नंतर दुरुस्ती अर्ज देता येतो, पण तोवर शपथेवर काहीतरी बोलून झालेलं असतं.

कुठे जायचं

तहसीलमध्ये माणसं वर्षानुवर्षं घालवतात. दात्याच्या मृत्यूनंतर वारस नोंद होते आणि शाळेची जागाही वारसांच्या नावावर जाते. मग प्रांताकडे अपील. ते जरूर करा. मुदत साधारण साठ दिवसांची असते, आणि नोंद प्रमाणित व्हायच्या आधीच हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं. पण सातबाऱ्यावरच्या नावाने मालकी मिळत नाही आणि नाव गेलं म्हणून जातही नाही. ती नोंद महसुलासाठी असते, उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते एवढंच. मालकीचा निकाल दिवाणी न्यायालयातच.

दिवाणी दाव्यात काय मागायचं यावर खूप अवलंबून आहे. समोरच्याने तुमच्या मालकीवरच शंका घेतली असेल तर नुसता मनाई हुकूम मागून चालत नाही. मालकी जाहीर करून मागावी लागते, आणि ताबा गेला असेल तर ताबाही. स्वस्तात होतं म्हणून फक्त मनाईचा दावा टाकणारे वकील असतात. सर्वोच्च न्यायालयाने अनथुला सुधाकर प्रकरणात २००८ मध्येच हा घोळ निस्तरला आहे, त्याचा हवाला द्या. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज आणि हद्दीचा वाद असेल तर कोर्ट कमिशनर नेमून मोजणीचा अर्ज. सरकार प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी लागते. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन ती टाळता येते. दावा चालू असल्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवून घ्या, नाहीतर मध्येच जमीन तिसऱ्याला विकली जाते आणि तो "मला माहीत नव्हतं" म्हणत उभा राहतो.

दावा शाळेच्या नावाने लावू नका. शाळा ही कायद्याने व्यक्ती नाही. संस्था किंवा न्यास आहे. ठराव करून अधिकार कुणाला दिला ते लिहा, आणि त्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट मंजूर आहे का तेही बघा. यावरूनच पहिली दोन वर्षं तारखा पडू शकतात.

वारसांच्या बाजूने वाचत असाल तर तुमच्यासाठी मुख्य गोष्ट मुदत. दस्त रद्द करून मागायला तो कळल्यापासून तीन वर्षं. ताबा मालकीच्या आधारे मागायला, समोरचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून बारा. "आम्हाला आत्ताच कळलं" हे, तुम्ही स्वतः त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकला असाल तर, पटवणं अवघड जातं.

संस्थाच जमीन विकायला निघाली तर

कधी उलटही होतं. वारस गप्प असतात आणि विश्वस्तच मोक्याची जागा बिल्डरच्या घशात घालायला निघतात. इथे विश्वस्त कायद्याचं कलम ३६ आहे: धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता, अदलाबदल करता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देता येत नाही. मंजुरीच्या अर्जावर माजी विद्यार्थी, पालक, दात्याचं कुटुंब यांना हितसंबंधी म्हणून हरकत घेता येते. हरकतीत भावना थोडी आणि हिशेब जास्त लिहा: शेजारच्या जमिनीचे अलीकडचे नोंदणीकृत दर, जाहिरात कुठल्या पेपरात दिली, निविदा किती आल्या, विकून आलेल्या पैशाचं काय करणार. मिळकत वाया जाण्याची भीती असेल तर कलम ४१-ई खाली मनाई मागता येते.

तडजोड करायची तर नीट करा

आमचं शेवटी मिटलं. वारसांना मुळात जमीन नको होती, असं एकाने चहा पिताना कबूल केलं. नव्या इमारतीवर आजोबांचं नाव लावलं नाही, याचा राग होता. सगळीकडे असं नसतं. काही ठिकाणी निव्वळ भाव बघून आलेले असतात. पण एकदा विचारून बघायला पैसे पडत नाहीत.

मिटवताना लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे नोटरीसमोर संमतीपत्र लिहून घेणं. त्याने मालकी सरकत नाही. दुसरी, शाळेच्या नावे हक्कसोडपत्र. हक्कसोड सहहिस्सेदारांत होते. संस्था सहहिस्सेदार नाही. करायचं ते नवं बक्षीसपत्र, सगळ्या वारसांच्या सह्यांनी, सासरी गेलेल्या मुलींसकट. एक बहीण राहिली तर तिचा हिस्सा राहिला. अज्ञान वारस असेल तर पालकाला कोर्टाची परवानगी लागते. शेतजमिनीची परवानगी आधी, मोजणीचा नकाशा दस्ताला जोडलेला, संस्थेचा स्वीकाराचा ठराव आणि अधिकृत व्यक्तीची सही दस्तातच. हद्दीचा तुकडा वारसांना सोडायचा ठरला तर तेही कलम ३६ च्या मंजुरीशिवाय होत नाही, तडजोडीचा हुकूमनामा असला तरी. शक्य असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

दस्त झाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी आणि ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. आमचा सातबारा बदलून आला तेव्हा संस्थेच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त करायला आणखी चार महिने गेले.